केतकीचा कोरा रकाना

मंडळी, ऐका! दारावर पाटी लावली, ‘कुलूप आहे’ — म्हणजे कुलूप लागलं का? नाही ना! मग नुसती पाटी वाचून ‘घर सुरक्षित’ म्हणणाऱ्याचा दोष किती?

मिरजेच्या वसुधाताई केळुसकर. त्यांचं कामच तपासणीचं! मोबाईलवर लिहिलेलं असतं ना, ‘तुमची माहिती गुप्त राहील’ — आपण न वाचताच ‘मान्य’वर बोट टेकवतो! — ते खरं आहे का, हे ताई पाहायच्या. खोटा अर्ज भरायचा, आणि माहिती आतून कुठे जाते ते बघायचं.

एका वधूवर मंडळाचं ॲप तपासायला आलं. मंडळाचे चालक नाना. ताईंच्या लेकीचं लग्न त्यांनीच जुळवलेलं! ताईंनी लॅपटॉप उघडला, तर नानांनी करंज्यांची बशी पुढे सरकवली. “घरच्यासारख्या तुम्ही, आणि आमच्यावर संशय?”

ताईंना भीड पडली. हसल्या, करंजी उचलली, लॅपटॉप मिटला. नियमांचा कागद तेवढा वाचला — कागद सुरेख! — आणि ‘तपासलं, सुरक्षित’ असा शिक्का देऊन टाकला.

ताईंच्या शेजारची केतकी त्याच ॲपवर लग्नाचा अर्ज भरत होती. लहानपणापासून तिला फिट यायची, गोळी चालू. आई म्हणाली, “आजाराचा रकाना कोरा ठेव गं!”

“नाही आई. फक्त मंडळाला कळणार, आणि वसुधामावशींनी तपासलंय! मुलाला मी स्वतः सांगेन.”

मुलाकडचे पाहुणे आले. पोहे झाले. केतकी आता बोलणार — तोच तिच्या काकांचा फोन वाजला! आपल्याकडे अर्जावर नंबर कुणाचा? घरातल्या मोठ्याचा! काकांना ऐकू कमी, फोन कायम स्पीकरवर!

“नमस्कार! आपल्या घरी फिटचा पेशंट आहे ना? खास विमा आहे —”

हसू नका, मंडळी. त्या खोलीत कुणी हसलं नाही. पाहुणे म्हणाले, “कळवतो.” कळवलं नाही.

हे ताईंच्या कानावर आलं, आणि त्या रात्री त्यांनी ॲप खरोखर तपासलं. माहिती सरळ विमा विकणाऱ्यांकडे जात होती! शिक्का त्यांनी परत घेतला, आणि केतकीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “चुकले गं मी.”

केतकी शांतपणे म्हणाली, “मावशी, तुमच्या भरवशावर मी आईशी भांडले. आता नाही भांडणार. रकाना कोरा ठेवीन.”

काय गेलं, कळलं? स्थळ गेलं, दुसरं येईल! पण खरं सांगणारी पोर लपवायला शिकली. हे ताईंना आजही गिळवत नाही.

आता तुमच्याकडे वळतो! शेजारीण रडत रडत सांगते, “कुणाला बोलू नका हं.” आपण म्हणतो, “छे छे!” — आणि संध्याकाळपर्यंत?

हसलात! करंजी उचलताना ताईही अशाच हसल्या होत्या. चला, देवाचं नाव घेऊ. पण हात जोडण्याआधी आठवा — कुणी विश्वासानं तुमच्यापाशी काय ठेवलंय, आणि ते अजून तिथंच आहे का?