कढीपत्त्याखालची पुतळी

(सिंगापूर. लिम चू कांगमधल्या एका भाजीच्या मळ्यातला भाड्याने घेतलेला वाफा. रविवारची सकाळ.)

मधुवंती : तिकडे नाही, अनीश. इकडे, कढीपत्त्याच्या बुंध्याशी. संजीवला दिशा कळत नाहीत, लग्नाआधीपासून.

संजीव : अगं, आग्नेय म्हणजे पंपाकडचा कोपरा. मी स्वतः पुरलंय, मला माहीत नसणार?

मधुवंती : तू पुरलंस, आणि त्याच्या डोक्यावर कढीपत्ता मी लावला. पंधरा वर्षं त्याचीच फोडणी खातोयस.

अनीश : भांडू नका ताई, मी दोन्हीकडे धातू शोधायचं यंत्र फिरवतो. मळेवाल्या अंकलनी अख्खी सकाळ दिलीय. जेवढं खणाल तेवढं बुजवा, एवढीच त्यांची अट. हे ऐका, घरघरतंय. लोखंड. खिळा असणार, सोडून देऊ.

संजीव : सगळंच सोडून देऊ या. ऊन काय मरणाचं आहे! मधू, ऐक ना, हॉकर सेंटरला जाऊन मस्त काहीतरी खाऊ.

मधुवंती : तू जा. पुढच्या महिन्यात मळ्याचं लीज संपतंय. मग इथे बुलडोझर फिरल्यावर काय चाळणी घेऊन येऊ?

अनीश : हा बघा, हा आवाज गोड आहे! थांबा हं... आहाहा! जुना तांब्याचा सेंट, राजाचं डोकं आहे वर. अशासाठी लोक महिनोन्‌महिने माळरानं तुडवतात, ताई.

मधुवंती : तुला ठेव तो. मला माझं हवंय.

अनीश : पण नक्की काय आहे त्या डबीत? फोनवर तुम्ही घाईत होतात.

मधुवंती : वास्तुपुरुष. तोआ पायोहचा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांत केली. अकराव्या मजल्यावर मूर्ती पुरायची कुठे? फरशी फोडायला कॉन्ट्रॅक्टर तयार नव्हता. गुरुजी म्हणाले, तुमच्या हाताखाली जी माती असेल तिच्यात ठेवा. आमची माती म्हणजे हा भेंडीचा वाफा.

संजीव : तोही भाड्याचा.

मधुवंती : मूर्तीबरोबर सोनं ठेवतात, गुंजभर. माझ्या आईने गुंजभर नाही दिलं. स्वतःच्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी काढून पाठवली. लेकीचं परदेशातलं घर पक्कं व्हावं म्हणून. आई गेली गेल्या महिन्यात. माळ माझ्याकडे आली, अनीश. मधली जागा तिने तशीच मोकळी ठेवलीय, दोराही बदलला नाही. तिथे तिची पुतळी परत ओवायचीय, बस.

अनीश : ओळखाल ना? सोनं आणि कॅनची कडी, यंत्राला दोन्ही सारखीच. दहा कड्या खणाव्यात तेव्हा...

मधुवंती : डोळे मिटून ओळखेन. काठावर माझा दात उमटलाय. दात येताना आईच्या मांडीवर बसून चावली होती मी.

संजीव : मधू, अगं, मुळांनी डबी कुठल्या कुठे नेली असेल. मी म्हणतो, आपण नवीन...

अनीश : लागली! तांबं आहे, मोठं आहे. दादा, ती खुरपी द्या. हळू... झाकण चिकटलंय... निघालं. ही मूर्ती. कासव. नाग. आणि हे फडक्यात...

मधुवंती : आण इकडे. आई गं.

अनीश : ताई, हा डॉलर आहे. जुना, सोनेरी. आत आठ कोनांची कड असलेला.

मधुवंती : दिसतंय मला. संजीव?

संजीव : गुरुजींनी अदलाबदल केली असेल. तेव्हाच मला तो माणूस जरा...

मधुवंती : गुरुजींसमोर हळद लावून मी ठेवली पुतळी. डबी बंद करून इथे कुणी आणली?

संजीव : मीच आणली. म्हणून काय झालं?

मधुवंती : मेलेल्या बाईची वस्तू आहे. आता तरी खरं बोल.

संजीव : माझ्या बहिणीचं, सुरेखाचं लग्न ठरलं होतं ना तेव्हा. तिच्या माळेला एक पुतळी कमी पडत होती. व्याही मोजून घेणारे. आई फोनवर रडकुंडीला आली होती. आणि इथे आपण सोन्यासारखं सोनं चिखलात घालत होतो! जरा प्रॅक्टिकल विचार कर. घरातलं सोनं घरातच राहिलं.

मधुवंती : कुणाच्या घरात?

संजीव : मी तुला दुसरी करून देतो. आजच जाऊ. म्हणशील तर अख्खी माळ घेऊ.

मधुवंती : तिच्यावर माझा दात नसेल.

अनीश : मी... जरा पाणी पिऊन येतो.

मधुवंती : थांब रे, तू कशाला जातोस? संजीव, सुरेखाच्या गळ्यात ती माळ कुणी घातली?

संजीव : आता ते कुठे लक्षात आहे?

मधुवंती : माझ्या आईने. तुझ्याच आईने मान म्हणून तिला पुढे केलं. फासा लावायला तिला इतका वेळ लागला की मी म्हटलं, चष्मा देऊ का. तर म्हणाली, दिसतंय गं मला. नीट दिसतंय.

संजीव : म्हणजे... त्यांना कळलं होतं?

मधुवंती : निघताना हात धरून म्हणाली, वास्तूतलं सोनं कधी उकरू नये, मधू. घर हलतं. मी हसले, म्हटलं, आई, किती जुनाट आहेस! नंतर कितीदा इथे राहायला आली. दर वेळी म्हटलं, चल, तुझी पुतळी कुठे आहे दाखवते, कढीपत्ता बघ केवढा झालाय. पाय दुखतात म्हणायची. मार्केटमध्ये मात्र तासभर हिंडायची. आणि तुला वाढताना, संजीव, तुपाची धार कधी बारीक केली नाही तिने.

संजीव : मधू, चल ना घरी.

अनीश : ताई, आणखी एकदा यंत्र फिरवू का?

मधुवंती : नको. मूर्ती ठेव आत. डॉलरही ठेव, त्याच्यावरच तर उभं आहे सगळं.

संजीव : अगं, इथे बुलडोझर येणार आहे...

मधुवंती : बुजव, अनीश. आईचं ऐकायला हवं होतं मी.