हरीण आडवं आलं

देसांका : सगळीकडे ‘नाही’? बसल्याबसल्या डुलकी लागते का? नाही. जेवणानंतर? नाही. टीव्हीसमोर? नाही. तिहोमिर, हा अर्ज तू भरलास की डेपोतल्या कुणाचा उतरवून काढलास?

तिहोमिर : सगळे असाच भरतात, डॉक्टरीणबाई. नवा ड्रायव्हर आला की त्याला आधी हे शिकवतात, मग बस दाखवतात. शेवटच्या प्रश्नाला तेवढं ‘क्वचित’ लिहायचं, म्हणजे खरं वाटतं.

देसांका : ते ‘क्वचित’ लिहायला तू विसरलास.

तिहोमिर : बघ, म्हणजे किती सरळ माणूस आहे मी! डोळे बघितलेस, कान बघितलेस, रक्तदाब बघितलास. आता मार शिक्का. गुरुवारी व्हिएन्नाची बस माझ्याकडे आहे.

देसांका : आज शिक्का नाही. बेलग्रेडला जायचं, तिथल्या दवाखान्यात एक रात्र झोपायचं. झोपेत तुझा श्वास किती वेळा अडकतो ते बघतील.

तिहोमिर : श्वास कसला अडकतोय! घोरतो मी. बाप घोरायचा, आजा घोरायचा. आजा घोरायला लागला की लांडगेसुद्धा मेंढ्यांपाशी यायचे नाहीत.

देसांका : ल्यूबिका म्हणते, घोरताघोरता तू एकदम गप्प होतोस. मग ती कोपरानं ढोसते, तेव्हा कुठे श्वास घेतोस.

तिहोमिर : म्हणजे घरातच फितुरी! अगं, आमच्या लग्नात मेणबत्ती धरून शेजारी उभी होतीस तू. आमची कुमा आहेस, सख्ख्या बहिणीच्या वरचं नातं. आणि तूच मला घरी बसवतेस?

देसांका : कुमा आहे म्हणूनच गेल्या वेळी माझी चूक झाली.

तिहोमिर : कसली चूक?

देसांका : तीन वर्षांपूर्वी तुमच्या घरी स्लावा होता, आठवतं? घरच्या संताचा दिवस, यजमानानं बसायचं नाही, उभ्यानं पाहुण्यांना वाढायचं. तू गोड गव्हाचं ताट घेऊन दारापाशी उभा होतास...

तिहोमिर : आणि उभ्याउभ्या झोपलो. झालं! वर्षभर पुरलं ते गावाला. ‘तिहोमिरला खुंटीला टांगा रे, कोटासारखा!’

देसांका : ते मी म्हटलं होतं.

तिहोमिर : तू? मी आजवर पोस्टमनला शिव्या घालतोय.

देसांका : मीच. हातात राकिया दारूचा पेला होता आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. भर दुपारी माणूस उभ्यानं झोपतो, याचा अर्थ आणखी कुणाला नाही कळला तरी मला कळायला हवा होता. पुढच्याच आठवड्यात तू तपासणीला आलास आणि मी काही न विचारता शिक्का मारला. फार लाज वाटते रे.

तिहोमिर : जाऊ दे. मीही हसलोच होतो.

देसांका : त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुझी बस शेतात गेली.

तिहोमिर : हरीण आडवं आलं होतं.

देसांका : हो. पोलिसांच्या कागदावर तसंच आहे.

तिहोमिर : चव्वेचाळीस माणसं होती बसमध्ये. एकालाही काही...

देसांका : मिलुंकाबाई.

तिहोमिर : हो. मिलुंकाबाई. खुबा मोडला त्यांचा.

देसांका : मंगळवारी आल्या होत्या माझ्याकडे, वॉकर घेऊन. नातीच्या बाप्तिस्म्याला निघाल्या होत्या तेव्हा. अजून ती नात त्यांनी बघितलेली नाही, बसची पायरीच चढवत नाही. तरी येईल त्याला सांगतात, ‘तिहोमिरनं वाचवलं हो आम्हाला!’

तिहोमिर : दर उन्हाळ्यात रास्पबेरीची बादली पाठवतात मला. ल्यूबिका मुरंबा करते. मला नाही जात तो.

देसांका : का?

तिहोमिर : हरीण नव्हतं, कुमा.

देसांका : नव्हतं?

तिहोमिर : टोलनाका आठवतो. त्यानंतर एकदम मका. काचेवर कणसं आपटत होती. मधलं काहीच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, ‘हरीण होतं का?’ मी म्हटलं, ‘हो.’ एवढंच बोललो मी. पुढचं हरीण लोकांनीच उभं केलं. एकाला तर शिंगंसुद्धा दिसली.

देसांका : आणि तरी चालवत राहिलास?

तिहोमिर : दुसरं काय येतं मला? खिशात सुकी मिरची ठेवतो. डोळे जड झाले की चावतो.

देसांका : मिरची! चव्वेचाळीस माणसं मागे आणि मिरची! मला एक सांग. मी शिक्का मारला तेव्हा तुला माहीत होतं?

तिहोमिर : होतं. त्याआधी दोनदा झालं होतं. बस रस्त्यावर राहिली, एवढंच. म्हणून तर तुझ्याकडे आलो. पलीकडच्या गावातला डॉक्टर मान वर न करता सही करतो, त्याच्याकडे नाही गेलो. वाटलं, देसांकाला कळेल, ती थांबवेल. माझ्या तोंडून निघत नव्हतं गं, की मला आता जमत नाही. तू विचारलंस, ‘ल्यूबिका काय म्हणते?’ शिक्का मारलास आणि कॉफी पाजलीस.

देसांका : मला वाटलं, तुझ्यावर उपकार करतेय.

तिहोमिर : मी थँक्यूही म्हणालो होतो.

(ती अर्ज पुढे ओढून लिहू लागते.)

तिहोमिर : काय लिहितेस?

देसांका : ‘वाहन चालवण्यास अयोग्य.’ यावर उपचार आहे, तिहोमिर. श्वास अडकू न देणाऱ्या यंत्राचा मुखवटा लावून झोपायचं असतं. कदाचित वर्षभरात पुन्हा...

तिहोमिर : नको. आज पुढचं काही सांगू नकोस.

देसांका : बरं. डेपोत मी कळवते.

तिहोमिर : मीच कळवीन. आधी मिलुंकाबाईंकडे जातो. तुझ्या शिक्क्याचा विषय तिथे काढणार नाही, तू काळजी करू नकोस.

देसांका : तो मीच काढेन. थांब, मीही येते.

तिहोमिर : बाहेर पेशंट बसलेत तुझे.

देसांका : बसू देत. चल.

तिहोमिर : चल. पण गाडी तू चालव.