चित्राचं डोहाळजेवण

स्वरदा : म्हणजे बाटलीच्या दुधानं नाही गेला माझा बाळ?

तनया : नाही, वहिनी. आमच्या लॅबमध्ये त्याचं रक्त दोनदा तपासलं.

स्वरदा : तुझी आई तर सारखं तेच म्हणते. ऑफिसला पळालीस, बाटली लावलीस, पोर हातचं घालवलंस. कशानं गेला ते सांग. मला कळेल असं.

तनया : जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्यांतल्या काही घडतानाच आवर घालायला शिकतात. बाकीच्यांना थोपवतात, की हे आपलंच अंग आहे. फॉक्सपी-थ्री नावाचं प्रथिन जनुकं चालू-बंद करून त्यांना तसं घडवतं. बाळाचं तेच बिघडलेलं होतं. आवर घालणारं कुणी तयारच झालं नाही.

स्वरदा : म्हणून ते जुलाब?

तनया : हो. त्याचं आतडं त्याच्याच पेशींनी खाल्लं.

स्वरदा : आणि मी इथे चेन्नईत टी. नगरभर दुधाचे डबे बदलत फिरत होते.

तनया : वहिनी, अजून एक आहे. हा बिघाड आईकडून आलाय. मुलींना सहसा काही होत नाही, मुलग्यांना होतं.

स्वरदा : दुधावरून सुटले, रक्तावरून सापडले. आयतंच कारण मिळालं तुझ्या आईला.

तनया : मी तिला सांगणार नाही. शपथ.

स्वरदा : माझ्या आजीचे, आईच्या आईचे, दोन मुलगे असेच गेले. मरेपर्यंत करंटी म्हणत होते तिला. तनया, आमच्या चित्राला मुलगा झाला तर?

तनया : सख्खी बहीण तुझी. तिच्यात असेल, नसेलही. रक्त तपासून कळेल. आधी कळलं, तर बाळाची अस्थिमज्जा बदलून बघता येते. आपल्याला ते उशिरा कळलं.

स्वरदा : रविवारी तिच्या सासरी, चेन्नईबाहेर आवडी गावात, डोहाळजेवण आहे तिचं. पोर गेलेली बाई नको म्हणाली तिची सासू. चित्रानंच फोन केला, ताई, रागावू नकोस म्हणाली.

तनया : मग फोनवरच सांग तिला.

स्वरदा : फोन सासू उचलते. आणि कळलं की तीही करंटी ठरणार. माझ्या पायी.

तनया : मग नाही सांगायचं?

स्वरदा : सुई आणि नळी घे. रविवारी सकाळच्या गाडीनं जाऊ. बायका ओटी भरतील, आपण रक्त काढू.

तनया : घरात घेतील आपल्याला?

स्वरदा : तुला घेतील. मी जिन्यात थांबते.