ही कुंडी हलवायची नाही

“हॅलो?… हो, मीच. बोल… अगं जरा हळू, आधी श्वास घे!… कोणाला?… कोणाला पकडलं म्हणतेस?”

डॉक्टरीणबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली, खुर्चीत आडव्या पडलेल्या बँकेच्या रखवालदाराला ‘बसा, दाढ बधिर होऊ दे’ अशी हातानेच खूण केली आणि फोन कानाला लावून मागच्या खोलीत शिरल्या. फोन धाकट्या जावेचा होता. धाकटीचं पार्लर. दुपारच्या वेळी ती फोन करते ती गिऱ्हाईक नसलं तर. आज गिऱ्हाईक लेप लावून समोर बसलेलं होतं आणि तरी फोन आला होता, म्हणजे बातमी साधीसुधी नव्हती.

“मास्तरांना?… आपल्या? छे! काहीतरीच काय… कुठे, विमानतळावर?… मोज्यांत? मोज्यांत काय सापडलं?… रोपं? मग! मोज्यांतच ठेवणार ना बाई, काटे लागू नयेत म्हणून! दुसरं कशात ठेवायचं, चांदीच्या डबीत? प्रदर्शनाला जाताना मी नव्हती का माझी एक कुंडी तुझ्या भावोजींच्या स्वेटरात गुंडाळून नेली? मला पकडलं का कुणी?… हं… हं… कुणी सांगितलं तुला? मास्तरांच्या वकिलांनी?… माझा फोन लागत नव्हता म्हणून तुला केला. बरं. मी त्या वेळी एकाच्या जबड्यात होते.”

मास्तर म्हणजे निवडुंग मंडळाचं दैवत. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मोठ्या माणसांना शिकवायला घेतलं. नवा सभासद आला की त्याच्या तळहातावर आधी चिमूटभर बी ठेवायचे, मग नाव विचारायचे. ‘बीपासून वाढवा. घाई असेल तर कोथिंबीर लावा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, बोट उगारून म्हणायचं: ‘डोंगरावरचं रोप उपटतो तो चोर, आणि ते घरात ठेवतो तो त्याचा भाऊ.’ त्यावर टाळ्या पडायच्या. सगळ्यात जोरात डॉक्टरीणबाईंच्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या.

“काय म्हणणं काय आहे पोलिसांचं?… डोंगरावरून खणून आणलेली? आणि मास्तर?… म्हणतातच ना, की माझीच आहेत, बीपासून केलेली. संपलं मग!… अगं, मास्तर खोटं बोलतील? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असला माणूस आहे का तो?… हो, हो… अगं ऐक ना. वकिलांना काय हवंय?… मंडळातलं कुणीतरी. संध्याकाळी… चौकीत येऊन सांगायचं की आम्हाला दिलेली रोपं बीपासूनच वाढवलेली आहेत, म्हणजे सोडतील… एवढंच ना? मी जाते. शेवटचे दोन पेशंट उद्यावर ढकलते. आणि तूही यायचंस… का म्हणजे? दोघी असलेल्या बऱ्या.”

बाईंच्या भुवया वर चढल्या.

“काय गं? बोल की. दातखीळ बसली का?… ‘पोलीस उगाच पकडत नाहीत’? व्वा! हे तू बोलतेस? तुला बी पेरायला कोणी शिकवलं? तुझी सगळी रोपं बुरशीनं गेली तेव्हा रविवारची झोप सोडून कोण आलं होतं?… नाही, शंका नाही म्हणतेस आणि येतही नाहीस… धाकटे, तोंडात गुळणी धरून बोलू नकोस, मला सवय आहे त्या आवाजाची, समोरच्या खुर्चीत रोज ऐकते.”

तेवढ्यात पुढच्या खोलीतून “डॉक्कल… ओठ गेला” असं काहीतरी ऐकू आलं.

“गेला नाही, बधिर झालाय! पडून राहा!… तुला नाही गं, पेशंटला. तर काय म्हणत होते? पुरावा पुरावा करतात ना, पुरावा माझ्या खिडकीत आहे. इथेच. समोर.”

खरंच समोर होता. उपकरणं उकळायच्या यंत्राशेजारी, उन्हाच्या पट्ट्यात, मातीची कुंडी. तिच्यात राखाडी-हिरवा, चपटा, मोठ्या माणसाच्या मुठीएवढा निवडुंग. वर्षातून एकदा डोक्यावर गुलाबी फूल, तेही दोन दिवस. भोवताली पांढऱ्या खड्यांचा जाड थर होता, तो मास्तरांनी स्वतःच्या हाताने घातलेला. बाईंची एकुलती एक लेक शिकायला सातासमुद्रापार गेली, त्या आठवड्यात बाई मंडळाच्या सभेत बोलता बोलता मध्येच थांबल्या होत्या आणि सगळ्यांदेखत त्यांचे डोळे भरून आले होते. दुसऱ्याच दिवशी मास्तर दवाखान्यात कुंडी घेऊन हजर. ‘तुमची लेक जन्मली त्या वर्षी पेरलं होतं हे. एक गेली, एक ठेवून घ्या.’ तेव्हापासून घरात तिचं नावच पडलं ‘राहिलेली लेक’. आणि गेलेली लेक दर फोनला आधी विचारायची, ‘आई, माझी बहीण कशी आहे?’

“…तेच सांगणार मी तिथे. की ह्या माणसाला माझ्या पोरीचं जन्मवर्ष लक्षात होतं. असला माणूस डोंगर पोखरत फिरेल का?… हो गं, तुझ्याकडेही हेच आहे, ह्याच जातीचं, माहीत आहे मला. मग तूही सांग ना!… सांगशील? आत्ता कशी!… काय? खालून?… खालून बघितलंस म्हणजे? मूळ? मूळ कसं दिसलं तुला?… कुंडी बदललीस!”

बाई स्टुलावर टेकल्या होत्या त्या उठल्याच.

“वेडी आहेस का तू? ह्या जातीच्या मुळाला हात लावायचा नसतो! मास्तरांनी मला बजावून सांगितलंय, ‘ही कुंडी हलवायची नाही, खडेसुद्धा उचलायचे नाहीत, मूळ दुखावलं की गेलंच.’ मी इतक्या वर्षांत बोट लावलं नाही. घर बदललं, दवाखाना बदलला, मांडीवर घेऊन आले, पण… काय?… काय म्हणालीस?… दर दोन वर्षांनी बदल असं तुला सांगितलं? मास्तरांनी?… कशावरून?… स्वतः करून दाखवलं? तुझ्या गच्चीत?”

फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेला.

“मग… तुझं लहान आहे म्हणून असेल. लहानांना चालत असेल… काय माहीत! मास्तरांना माहीत असेल… कसं होतं मूळ?… गाजरासारखं. अख्खं. सरळ खाली… हं. बीपासूनचं तसंच असतं. मग झालं तर. तुझं बीपासूनचं, माझंही बीपासूनचं. जात एक, देणारा एक.”

पण आवाजातला जोर ओसरला होता. बाई खिडकीपर्यंत जात होत्या, परत फिरत होत्या, नळ नीट बंद असून पुन्हा आवळत होत्या.

“धाकटे, मंडळात आणखी कुणाला सांगितलंय का गं, हात लावू नका म्हणून?… शिंपीदादांना. हो, खरंच की, त्यांनी तर कुंडी चौकटीत बसवून टाकलीय… पोस्टातल्या बाई?… त्यांनाही. आणि तुला नाही. तुला नाही, रेडिओ दुरुस्तीवाल्याला नाही… तो तर मेला सगळंच उघडून बघतो… म्हणजे सांगितलं कुणाला, तर जे ऐकतात त्यांना… नाही, मी काही म्हणत नाहीये. मी नुसतं म्हणतेय.”

पलीकडे धाकटी काय म्हणाली कोण जाणे, बाई एकदम उसळल्या.

“घाबरत नाहीये मी! घाबरायचंय कशाला? हातच्या कांकणाला आरसा कशाला, आत्ता काढून बघते, तुझ्यादेखत… म्हणजे तुझ्या कानादेखत. मूळ बघते, परत लावते, आणि संध्याकाळी छातीठोक सांगते… थांब, फोन खांद्यावर घेते. आहेस ना?”

त्यांनी सिंकमध्ये कागद पसरला. पांढरे खडे चिमट्याने उचलले, एकेक, दातांत अडकलेलं काढावं तसे. कापडाच्या जाळीची घडी करून काट्यांवर धरली, दाताचं सिमेंट कालवायची पट्टी कुंडीच्या कडेने आत घातली आणि गोल फिरवली.

“…सुटतंय. खडे काढलेत मी… हं, एक आहे… खड्यांखाली बुंधा तपकिरी आहे गं. लाकडासारखा. सुरकुत्या पडलेल्या… तुझ्याला असं आहे का?… हिरवंच आहे? खालपर्यंत?… बरं. माझं मोठं आहे ना… हो, हो, काढतेय! घाई करू नकोस, लेप धू जा त्या बाईचा… निघालं.”

धाकटी पलीकडून तीनदा-चारदा ‘ताई, ताई’ करत असणार. खांद्यावरच्या फोनमधून बारीक आवाज येत होता. बाईंनी खिशातला छोटा आरसा काढला, ज्याने त्या लोकांच्या मागच्या दाढा बघतात तो, आणि निवडुंगाच्या खाली धरला.

“…आहे मी.

“मुख्य मूळ नाही गं.

“नाही म्हणजे कापलंय. आडवं, एका घावात. वर जुनी खपली धरलीय, बाजूनं केसांसारखी नवी मुळं फुटलीत… मोडलेलं नाही. मोडलेलं आणि कापलेलं मला कळतं, जन्म गेला मुळं बघण्यात… आणि एक दगड आहे. लाल. उरलेल्या तुकड्याच्या बेचक्यात. मूळ त्याला वळसा घालून वाढलंय. असला दगड मास्तर कुंडीत घालत नाहीत, त्यांची वाळू चाळलेली असते, तुला ठाऊक आहे… हा तिथलाच. डोंगरावरचा. बरोबर आलाय.”

पुढच्या खोलीत खुर्ची कुरकुरली. बाईंना ऐकू आलं नाही.

“…नाही, रडत नाहीये. राग आलाय मला. असल्या रागात कुणाची तरी जीभ कापेन मी… अगं, काय वाटायचंय आणखी? एवढा बुंधा व्हायला किती वर्षं लागतात माहीत आहे? माझ्या लेकीचं वय कुठे, हे माझ्याहून मोठं आहे! लेक लेक म्हणून मी आजीबाईला न्हाऊमाखू घालत होते!… हस. हस तू. मलाही हसू येतंय, तेच तर…”

आणि त्या खरंच हसल्या, आणि हसता हसता कापडाच्या जाळीने डोळे पुसायला गेल्या तर काटा लागला.

“आई गं!… काही नाही, काटा… ऐक ना, एक सांग मला. विकलं असतं तर भरपूर आले असते त्याचे. मग मला फुकट का दिलं?… हो ना. मला वाईट वाटत होतं म्हणूनच. प्रेमानंच दिलं गं. तेच तर गिळता येत नाही. प्रेमानं दिलं आणि चोरीचं दिलं. आणि वर माझ्या पोरीचं नाव लावलं त्याला… तुला खरं दिलं, कारण तू उघडून बघतेस. मी काय, सांगितलं की मान डोलावते. रोपं ओळखायचा तशी माणसं ओळखायचा हा माणूस.”

आता धाकटी बोलत होती, बरंच बोलत होती. बाई कुंडी पालथी घालून रिकामी माती बघत होत्या.

“…काय? परत लाव? ‘कुणाला कळतंय’? मला कळलंय ना!… नाही, संध्याकाळी जायचं रद्द नाही… ते म्हातारे आहेत, हो. कोठडीत झोप लागणार नाही, हो गं, मलाही दिसतंय ते… आपलेच दात आणि आपलेच ओठ, सगळं मान्य… तू ये. तुझी कुंडी घेऊन ये. तुझं खरं आहे, ते सांग, मास्तरांना त्याचा आधार होऊ दे. मघाशी यायला तयार नव्हतीस, आता तूच निघालीस बघ!… मी? मीही येणार. मी माझं सांगणार… अध्यक्ष आहे म्हणून नाही. टाळ्या माझ्या सगळ्यात जोरात असायच्या म्हणून… चोराचा भाऊ कोण, माहीत आहे ना तुला? मग बहीणही असते.”

फोन थरथरला. बाईंनी तो कानापासून दूर धरून पाहिला.

“लेकीचा फोन येतोय मध्येच. तिलाही कळलं असणार, तुमच्या त्या ग्रुपवर सगळं ताबडतोब जातं… काय सांगू म्हणजे? ती विचारणार बहीण कशी आहे… सांगेन. बहीण नाही म्हणून सांगेन. कुणाची तरी होती, आपल्याकडे आणून डांबली होती… करते तिला नंतर. आधी मला जरा… हो. हो गं. येते घ्यायला तुला, पार्लरच्या कोपऱ्यावर उभी राहा.”

दारात रखवालदार उभा होता. एक गाल सुजल्यासारखा, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, गळ्यात कागदी लाळेरं. त्याने स्वतःच्या गालाकडे बोट केलं, मग सिंककडे पाहिलं आणि घाबरून एक पाऊल मागे सरकला.

“आलेच! तुमचं नाही ते, बसा!… ठेवते मी, ह्याची बधिरता उतरायला लागली की मला शिव्या देईल… काय?… कुंडीतून कशाला नेऊ? त्यांना मूळ दिसायला हवं. आणि जखम उघडली की ओल्या मातीत लावायचं नसतं, कोरडं ठेवायचं. मास्तरांनीच शिकवलंय.”

बाईंनी खालचा कप्पा उघडला. थंड फरशीसाठी ठेवलेला लोकरी जोड तिथे होता, धुतलेला. एकाचं तोंड त्यांनी दोन बोटांनी रुंद केलं आणि दगडासकट ते रोप, काटे न मोडता, हळूहळू आत सरकवलं.

“…अगं, बांधलं. नीट बांधलं… कशात काय विचारतेस?… मोज्यात.”

बाईंनी फोन ठेवला आणि त्या रखवालदाराच्या दाढेकडे वळल्या.