समास कोरे करणारी बाई

—हो, हेच ते पुस्तक, पण आत चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही हो, झटकून बघा हवं तर. तुमचे वडील कागदावर लिहायचेच नाहीत, समासात लिहायचे, पेन्सिलीनं — आणि समास आता कोरे आहेत. का म्हणजे? मी खोडले म्हणून! कामच आहे ते माझं — परत आलेलं पुस्तक घ्यायचं, पान न् पान बघायचं, पेन्सिल दिसली की खोडायची, चुरा फुंकायचा आणि पुस्तक कपाटात. सव्वीस वर्षं झाली. साहेब म्हणतात, वाचनालयाचं पुस्तक म्हणजे सगळ्यांचं, त्यावर एकाचंच मन कशाला? बसा ना. ते स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकवून घ्या — हां.

तुम्ही धाकट्या ना? ओळखलं मी. छे, फोटो कुठला! दारातून आलात, काही विचारायच्या आधी ते वाचनालयाचं कार्ड बाहीला दोनदा पुसलंत, तेव्हाच ओळखलं. 'धाकटीला काही मागायचं असलं की ती हातातली वस्तू आधी पुसते' — पान एकशेबारा, उजवा समास. बघा, आत्ताही पुसताय. आता तुम्ही म्हणाल, ही बाई वाचायची वाटतं! तर — वाचल्याशिवाय खोडता येतं, उगाच खोटं कशाला बोलू. पहिलं वर्ष तसंच खोडलं. मग एकदा नजर गेली, आणि गेली ती गेलीच. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय!

पण त्यांची रीत बघायला हवी होती तुम्ही. नुसत्या रेघा ओढणारे ढिगानं येतात इथं, अख्खं पुस्तक अधोरेखित, आणि डोक्यात गेलं काय तर शून्य. तुमच्या वडिलांनी एक रेघ कधी मारली नाही. डावीकडं लेखकाचं म्हणणं, पण स्वतःच्या शब्दांत, दोन ओळींत. उजवीकडं तसं वागणारं ओळखीतलं माणूस. आणि तळाला एक प्रश्न. पुस्तकं सगळी एकाच जातीची — माणूस असं का करतो, तसं का करतो. दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या आणि संध्याकाळी हे! ऐका — डावीकडं, 'राग ही पुष्कळदा भीतीच असते.' उजवीकडं, 'दुकानाचा मालक. गिऱ्हाईक शिकलेलं असलं की जास्त ओरडतो.' आणि खाली — 'मी कधीच ओरडत नाही. मग माझी भीती कुठं जाते?' आहे की नाही? मी आपली बसले रबर हातात धरून.

काय म्हणालात? आईबद्दल? होतं ना. — सांगू? नको, ऐकाच, ते घर सोडून गेल्यापासून अकरा महिने ती बिचारी 'माझं काय चुकलं' म्हणत बसली असेल. 'हिला भांडण नको असतं, समजूत घातलेली हवी असते. ती मला येत नाही, हे मी हिला कधी सांगितलं?' बस, एवढंच होतं. तुमच्या आईचं काही चुकलं नाही हो. पोरी, रडू नकोस. पाणी हवंय? माठ तिकडं कोपऱ्यात आहे.

शेवटचं काय लिहिलं होतं? ते कशाला आता... बरं. शेवटच्या कोऱ्या पानावर होतं, या इथं, बोट लाव, अजून खरबरीत लागतं. 'खोडणाऱ्यास' — असं वर लिहिलेलं! 'तुम्ही वाचून खोडता. कारण बाकी सगळं स्वच्छ निघतं, प्रश्न तेवढे पुसट राहतात. घरात चार माणसं आहेत, मला कुणी काही विचारत नाही. विचारत नाहीत, की मी विचारू देत नाही? इथं राहावं की निघून जावं, ते ठरत नाही. तुम्ही वाचत असाल तर इथं एक टिंब ठेवा. तेवढं पुरेल.'

टिंब गं, नुसतं टिंब. पेन्सिल टेकवायची फक्त. दुपारभर बसले मी, आणि पाच वाजता खोडून टाकलं. या वेळी प्रश्नसुद्धा स्वच्छ. आठव्या दिवशी आले ते. कपाटातून स्वतःच काढलं पुस्तक, या टेबलाशी उभं राहून मागचं पान उघडलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं. मी मान खाली घालून शिक्के मारत होते, एकाच कार्डावर तीन मारले. म्हटलं, नेत नाही का? तर म्हणाले, 'नको, झालं वाचून.' तो मंगळवार. — हो, तोच मंगळवार. मला ठाऊक आहे, तारखेसकट ठाऊक आहे.

साहेबांचा धाक, दुसरं काय! नोकरीचा प्रश्न, बाईमाणूस, परक्या पुरुषाला खूण करायची म्हणजे... अशी बघू नकोस. बरं, नव्हता धाक. साहेब तर त्या महिन्यात रजेवर होते. ऐक मग. मी टिंब ठेवलं असतं तर ते या टेबलाशी येऊन बोलायला लागले असते. आणि तोंडानं बोलायला लागलेला माणूस समासात कशाला लिहील? पाच वर्षं त्यांचे समास वाचले मी. घरी जाऊन मी कुणाशी बोलत नाही गं, जेवताना मला तेच आठवायला असायचं — कुणाचं काय, कोण कशाला घाबरतं. मला पुढचं पुस्तक हवं होतं. वाटलं, विचारेल परत, लिहील अजून थोडं. माणूस एकदा विचारून थांबतो, हे कुठं लिहिलं नव्हतं त्यांनी.

चला, उठा आता, पाच वाजले. — नाही, ते पुस्तक बाहेर जात नाही. कार्ड असलं तरी नाही. मला काय करायचंय त्याचं? ते माझं मी बघेन. हात काढा, पान फाटेल. द्या इकडे. द्या म्हणते ना.