हेल्मेटातली सहा अंडी

हेल्मेटसक्ती आली तेव्हा आमच्या पंचवटीत सगळ्यांच्या आधी हेल्मेट मी घेतलं. पण डोक्यासाठी नाही हं! आमच्या घरात अंड्याचं नावही चालायचं नाही. म्हणून सहा अंडी हेल्मेटात ठेवली, वर रुमाल टाकला, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि मित्राकडे निघालो. नेमकं गल्लीच्या तोंडाशीच हवालदारांनी अडवलं.

"हेल्मेट शोभेला आणलंय का? घाला डोक्यात!"

"साहेब, त्यापेक्षा पावती फाडा ना."

"पावती नको. घाला!"

तेवढ्यात देवळातून येणारी आई थांबली. "घाल रे, तुझ्या भल्याचंच सांगतायत ते."

मी डोळे मिटले आणि घातलं.

पिवळा ओघळ कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आला. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पावतीपुस्तक खिशात ठेवलं.

"जा. तुमचा दंड घरीच वसूल होईल."