तुमच्या वयात मी प्लॉट घेतला होता

हॅलो?… हॅलो… कोण, भागी होय काय? जय भीम, बाई. मी बायनाच बोलून राह्यली… तुया आवाज कटून राह्यला वं. थांब, आंगणात येतो… हां. बोल आता.

काय?… कोण म्हणे?… नाई वं, भांडण कायचं? तेहतीस वर्षात नाई झालं ते आता रिटायर झाल्यावर होईल काय?… हो, आमचे हे गेले होते. सतरा दिवस चंद्रपूरले होते, हे खरं आहे. पण रुसून नाई गेले. पैज लावून गेले… पैज, पैज. पोरीसंग.

तुले कोणं सांगतलं?… शेजारच्या लच्छूच्या बायकोनं? तिले आमच्या सावली गावच्या बसस्टँडवर यायच्या हातात थैली दिसली, झालं. तुया नागभीडपर्यंत माया संसार मोडून आला म्हणजे… हासू नको. आता फोन केलाच आहे त पुरं ऐक. अर्धा घंटा आहे मायाजवळ, पाहुणे येऊन राह्यले आज… सांगतो ना, कोण ते. ऐक त खरी.

तुले म्या जयंतीच्या मिरवणुकीत सांगतलं होतं ना, का रिनानं एक पोरगा पाहून ठेवला म्हणून?… हो, तोच. विक्की. पोंभुर्ण्याचा. रिना ज्या लॅबमंधी रक्त तपासते तिथी तो आपल्या मायले घेऊन आला होता तपासाले. तिथची ओळख… आपल्याच समाजाचा आहे वं. एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली मशीनवर आहे, पाच वर्षं झाले. एकोणतीसचा. आपली सत्ताविसची.

होळीले आली तवा तिनं सरळ बापाले सांगतलं. बापानं पयले विचारलं, पगार किती. एकोणीस हजार. घर? त म्हणे भाड्याचं. झालं… हो, तेच. तुले त पाठच आहे. एकोणतीस वर्षाचा घोडा झाला आन चार भिंती नाई? तुमच्या वयात मी प्लॉट घेतला होता… अवं, कोणाच्याबी लग्नात ऐकलं असन तू. आजकालचे पोट्टे चाराण्याचं कमावते आन बाराण्याचा मोबाईल घेते. हॉटेलात खाते. सलूनमंधी पाचशे देऊन येते. मोबाईलची पिढी, याइच्यानं घर होणार नाई. वरून म्हणते, विक्की हे काय माणसाचं नाव होय? मी म्हटलं, तुमच्या मायनं तुमचं नाव खुशाल ठेवलं, त तुमी काय रोज खुशाल राहता काय?

रिनाबी काय कमी आहे? म्हणे, बाबा तुमी बूमर आहा… बूमर, बूमर… हो, यायलेबी तसंच वाटलं, ते चिंगम. म्हणे, पोरगी बापाले चिंगम म्हणते, चिवट म्हणते मले. मंग तिनं समजावून सांगतलं, का ज्या लोकायले वाटते दुनिया अजून जुन्याच रेटनं चालते, त्यायले आमचे पोरं बूमर म्हणते. ते ऐकून त जास्तच भडकले. म्हणे चिंगम परवडलं.

तवाच लागली ना पैज. रिना म्हणे, माया आन विक्कीचा पगार मिळून पस्तीस हजार होते. तुमी चंद्रपूरले या, आन जसा तुमी घेतला तसा आमाले प्लॉट शोधून द्या. भेटला, त घर बांधून होईपर्यंत मी लग्नाचं नाव नाई काढत. नाई भेटला, त तुमी विक्कीले घराचं विचारायचं नाई… हो, लेखी नाई केलं, पण दोघंबी तसलेच, लेखी काय कराचं? हे म्हणे, तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टरी केली, जिल्ह्यातलं एक गाव असं नाई जिथी माया माणूस नाई. पंधरा दिवसात शोधतो. जयंती झाली, आन दुसऱ्या दिवशी थैली उचलून गेले.

मी?… मी काऊन अडवू? मी म्हटलं जाऊ द्या.

आता ऐक. रिनाची खोली चंद्रपूरले तुकूममंधी आहे. दोन खोल्या, सहा हजार भाडं. पयल्या दिवशी यायनं घराचा कारभार आपल्या हाती घेतला. म्हणे, मी दाखवतो पैसा कसा वाचते ते. बजारात गेले. तिसऱ्या दिवशी मले फोन करून हळूच विचारते, आपल्या इथी तुरीची डाळ काय भावानं आहे. मी म्हटलं, तीस वर्षात पयल्यांदा विचारून राह्यले… नाई, खरंच. घरी डाळ मीच आणतो ना. त्यायले काय माहीत.

आन दुसरी गोष्ट. रिना आपल्याले महिन्याचे तीन हजार पाठवते ना… यायले वाटे, उरते म्हणून पाठवते. तिथी राहून पाह्यलं, त पोरगी एकटी असली का कूलर लावत नाई. चंद्रपूरच्या उन्हात. पंख्यावर निजते, फरशी ओली करून. बाप आला म्हणून कूलर बाहेर काढला… हो ना. मले बी माहीत नव्हतं, भागी. यायनं मले ते फोनवर नाई सांगतलं, घरी आल्यावर सांगतलं.

…नाई, नाई, रडाचं काई नाई त्याच्यात. पुढं ऐक. यायचा जुना ड्रायव्हर आहे ना, लटारूभाऊ, तो राह्यते तिथी. त्याले घेऊन प्लॉट पाहाले निघाले. गावाच्या बाहेर, माळावर चुना टाकून प्लॉट आखून ठेवले. दलाल पोरगा होता, पंचविशीचा. म्हणे, बाराशे रुपये फूट काका, पंधराशे फुटाचा प्लॉट. तो मोबाईलमंधी हिशेब कराले लागला, त हे म्हणे, ठेव तो मोबाईल, अठरा लाख झाले. तिकिटं फाडणाऱ्या माणसाले मशीन कशाले लागते. सांगतलं मोठ्या तोऱ्यात, आन मंग आपलाच आकडा ऐकून मांगं फिरले. लटारूभाऊनं सांगतलं मले, तिथून आले ते टपरीवर बसले, आन चहा हातातच थंडा झाला.

काऊन मांगं फिरले?… अवं, आपला सावलीचा प्लॉट नऊ हजाराचा. तवा यायचा पगार दीड हजार. म्हणजे सहा महिन्याचा पगार, बरोबर? आन या दोघायचा पस्तीस हजार. अठरा लाखाले किती महिने लागते?… एक्कावन्न. चार वर्षं आन वर तीन महिने. ते बी दोघायनं उपाशी राहून, भाडं न देता. आन ते बी नुसत्या जागेसाठी, विटेचं नाव नाई अजून.

…सावलीत घ्या म्हणते? तेबी पाह्यलं त्यायनं. इथीबी पाचशे रुपये फूट झाली. आन कामं चंद्रपूरले. रोज जाणं-येणं काय हवेत कराचं काय? पेट्रोल कोणं भराचं?

हां, मंग हरले ना. पण तू त ओळखते त्यायले. म्हणे, मी कोणता रोख घेतला होता, आमच्या सोसायटीनं एका सहीवर कर्ज देल्लं होतं. बँक देईल. आता बँकेले पोराचे कागद लागते. म्हणून मंग यायनंच विक्कीले फोन केला. ज्याचं नाव घेत नव्हते त्याले. म्हणे, रविवारी गाडी घेऊन ये.

…नाई वं, तोपर्यंत नव्हता पाह्यला. यायले वाटलं होतं, चष्मा लावून, केसं उभे करून येईल. तो आला शिफ्टवरून, खाकी कपड्यात, डबा गाडीले टांगलेला. म्हणे, काका, दहा मिनिट द्याल काय, रस्त्यात एका घरी कूलरची मोटर बसवून देतो. रविवारचं ते करते ना तो, कूलर दुरुस्तीचं. हे बसले तिथी ओट्यावर. दहा मिनिटाचा पाऊण घंटा झाला. त्या घरची म्हातारी होती एकटी, तिच्यापासून मोटरचेच पैसे घेतले म्हणे, मजुरी नाई घेतली… हो, हे त्यायनंच पाह्यलं, डोळ्यानं.

आन मंग आठ दिवस, त्याची शिफ्ट सुटली का, त्याच्याच गाडीवर मांगं बसून फिरले. इथी जा, तिथी जा. विक्कीलेबी अगोदर भेवच होता म्हणते. त्याले वाटे, जुने लोक ऐकत नाई, नुसते लेक्चर देते. रिनाले म्हणे, तुया बाप मले एका स्टॉपवर उतरवून देईल. पण एक दिवस गाडी पंक्चर झाली, झाडाखाली बसले दोघं, आन यानं विचारलं, काका, शिरोंच्याच्या रातच्या वस्तीच्या गाडीवर कसं असे तुमचं? झालं. दोन घंटे सांगतलं यायनं. नदीले पूर आला तवा पॅसेंजर कसे शाळेत निजवले, तेलुगू बोलणाऱ्या बाया कशा तिकिटाचा भाव करत… आपण ऐकतो काय वं आता? आपले त कान किटले. त्यानं ऐकलं. मोबाईल खिशातून नाई काढला म्हणे त्यानं एकदाबी. हे दोनदा सांगतलं मले.

बँकेत?… हां, ते राह्यलंच. बँकेतला साहेब चांगला होता, खुर्ची देल्ली, पाणी देल्लं. कागद पाह्यले आन म्हणे, पक्क्या नोकरीचं पत्र लागते. आता याचं कंत्राट अकरा महिन्याचं. अकरा महिने झाले का एक दिवस घरी, मंग पुन्हा नवीन कंत्राट. पाच वर्षं एकाच मशीनवर, पण कागदावर रोज नवाच. विक्की खाली मान घालून बसला होता. आन यायनं, आवाज नाई चढवला म्हणे, हळूच म्हटलं, "साहेब, हा पोरगा फुकट नाई बसला गाडीत. तिकीट आहे त्याच्याजवळ. तुमी जागाच नाई ठेवली त्याच्यासाठी."

…हो. असंच म्हटलं. विक्कीनं रिनाले सांगतलं, रिनानं मले.

साहेब काय म्हणणार? नियम आहे काका, म्हणे. बाहेर आले दोघं. हे म्हणे, मी हरलो बाबू. त विक्की म्हणते, "काका, तुमी हरले म्हणून मी जिंकलो असं नाई वाटून राह्यलं मले." मंग यायनं त्याले उसाचा रस पाजला. आन म्हणे, मायबापाले घेऊन ये आमच्या घरी.

तेच येऊन राह्यले आज. अकराच्या गाडीनं… हो, तेच पाहुणे. आता समजलं? लग्न विहारातच कराचं, हॉल-गिल नाई, हे दोघायनं सांगूनच ठेवलं. राह्यतीन रिनाच्याच खोलीत. भाड्याच्या… नाई, काईच नाई म्हणाले हे. उलट लच्छूनं परवा विचारलं, जवायाचं घर कुठी, त यायनं त्यालेच एक्कावन्न महिन्याचा हिशेब करून दाखवला. तो उठून गेला बिचारा.

एक सांगू काय भागी?… आहे ना वेळ, सांगतो. कोणाले सांगजो नको. चंद्रपूरवरून आले त्या दिवशी मी भाजी करून राह्यली होती. हे आले, थैली ठेवली, आन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले. कधी बसत नाई. मंग म्हणे, "बायना, त्या नऊ हजारात अडीच हजार तुये होते. तीन हंगाम तेंदूपत्ता तोडला तू. म्या सगळीकडं मी घेतला, मी घेतला म्हणत फिरलो."

…हो. असंच म्हणाले.

मले त आठवतबी नव्हतं वं… खोटं काऊन बोलू, आठवत होतं. पहाटे चारले उठून जंगलात जावं, पुडे बांधू बांधू बोटं काळे होत. सारं आठवत होतं. पण त्यायले आठवत असन, हे नव्हतं माहीत.

म्या?… भाजीत मीठ टाकलं. आन गडबडीत पुन्हा एकदा टाकलं. खारट ढोण झाली होती भाजी. तशीच खाल्ली त्यायनं, वरून अजून मागून घेतली…

हॅलो?… भागी?… आहे काय तू?… रडते काऊन वं येडी? चांगलं सांगून राह्यली ना मी…

थांब थांब. फाटक वाजलं. आले वाटते… हो, आलेच. विक्कीची माय त चप्पल काढून सरळ इकडंच येऊन राह्यली, हातात मोठा डबा आहे… अवं, मी अजून लुगडं नाई बदलवलं. ठेव आता. ठेव, ठेव.